बाळाच्या मुठीतली नोट

विजय नगरात ताईकडे भाचीच्या पाच महिन्यांच्या बाळाचं लांबलेलं बारसं होतं. पाळणा म्हणून झाला, नाव कानात सांगून झालं, आणि मोठ्यांनी बाळाच्या हातात काहीतरी द्यायचं म्हणून मी पाकिटातून जी हाताला लागली ती शंभराची नोट त्याच्या मुठीत कोंबली. बाळानं ती सरळ तोंडात घातली.

शहाण्या माणसानं तेव्हाच ओढून घेतली असती. पण ताई म्हणाली, "अरे, कागद खाऊन राहिला तो," आणि मला माहिती सांगायची उबळ आली. नोट कागदाची नसतेच मुळी, कापसाची असते. म्हणून तर पँटच्या खिशात धुतली गेली तरी तिचा लगदा होत नाही. आणि कापूसच तो, मिळेल ते ओलं पिणार. हाताचा घाम पितो, मासळीचं पाणी पितो, पानठेल्यावरची थुंकी...

इथं मी थांबलो. ही नोट सकाळी पानठेल्यावरूनच आली होती. जिभेवरून अंगठा फिरवून त्या भल्या पानवाल्यानं मला दिली होती.

तोवर बाळाला ठसका लागला. भाचीनं नोट ओढली. नोटेच्या पाठीला चिकटपट्टी लावलेली होती, ती मी पाहिलीच नव्हती, आणि आता ती पट्टी अर्धीच उरली होती. बाळ लालबुंद झालं, आवाज निघेना. भाचीनं त्याला हातावर पालथं घेऊन पाठीत थापट्या मारल्या. लाळेत लडबडलेला पट्टीचा काळा तुकडा बाहेर पडला. त्याला काताचा डाग होता आणि कुणाचा तरी केस चिकटलेला. मग बाळ रडलं, तेव्हा कुठं आम्ही श्वास घेतला.

भाची चिडली की हिंदीत शिरते. "मामाजी, ये क्या पकड़ा दिया आपने इसको?"

मी बेसिनपाशी गेलो. साबण चोळता चोळता लक्षात आलं, मी तरी काय वेगळा? थुंकी लावूनच नोटा मोजतो आणि त्याच बोटांनी पोळी मोडतो. पुन्हा साबण लावला. त्या नोटेचा वास जातच नव्हता, की तो डोक्यातच बसला होता, कोण जाणे.

बारशाला बायकोही होती; घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात शिरली, पण माझं ताट वाढेना. रात्री भाचीचा फोन आला, तो ठेवून बायकोनं माझं ताट वाढलं.

"दूध पिऊन झोपलं पोर," ती म्हणाली. "आता तुम्ही पण जेवून घ्या. पण चमच्यानं."