दसऱ्यापर्यंत थांबलेली बोट

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला. त्याचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. त्यामुळे एक खोडही लागली आहे. काम अर्धवट ठेवून पुढे जाणं मला जमत नाही. माझ्या कामात कुणाला चूक काढता येऊ नये, असं सारखं वाटत असतं.

अमेरिकेत, मिशिगनमधल्या नोव्हाय गावात आम्ही राहतो. मी मोटारींच्या वायरिंगचं काम करतो. कुठली वायर कुठून न्यायची, ती कुठे घासेल, कुठे पाणी शिरेल, हे आधीच ओळखायचं. इथे कुठल्याही दिशेला गाडी काढा, थोड्या वेळात तळं लागतं. उन्हाळ्यात ऑफिसातले निम्मे लोक शुक्रवारी दुपारी गाडीमागे बोट लावून निघतात. मलाही कितीतरी वर्षं एक बोट हवी होती. ज्या वर्षी आप्पा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले, त्या मे महिन्यात मी ती घेतली.

आप्पा म्हणजे माझे वडील. धरणावर चौकीदार होते. तिथे खात्याची एक लाँच होती. साहेब लोक पाहणीला आले की आप्पांनी तिच्या सीटा पुसायच्या, दोर धरून ती काठाशी उभी करायची, सगळे चढले की दोर आत टाकायचा आणि ती परत येईपर्यंत काठावर थांबायचं. लहानपणी मी डबा घेऊन जायचो तेव्हा ते असे थांबलेले बरेचदा दिसायचे.

माझी बोट सेकंडहँड. बास नावाचा मासा इथल्या तळ्यांत असतो, तो पकडायला बनवलेली. बसकी, लांबट, पुढे-मागे उभं राहून गळ टाकायला सपाट डेक, पाठीमागे दणकट इंजिन. घेण्याआधी विकणाऱ्याबरोबर मी ती तळ्यावर फिरवून आणली होती. इंजिन लगेच चालू झालं, तळाला थेंबभर पाणी आलं नाही. दोष होते ते सगळे वरवरचे. कार्पेट कुजकं, सीटा फाटक्या, आणि डॅशबोर्डखाली वायरींचा नुसता गुंता.

बोट लादलेला ट्रेलर घरासमोरच्या ड्राइव्हवेमध्ये उभा केला तेव्हा आप्पा चप्पल घालून बाहेर आले. बोटीभोवती एक चक्कर मारली.

"जुनी दिसतीया."

"जुनीच आहे. मी नवीन करणार तिला."

"माणसं किती बसत्यात?"

"चार."

"आणि दोर कोण धरतं?"

"कुणी धरत नाही आप्पा. बांधतात."

त्यांनी आणखी एक चक्कर मारली. "मग मी बसीन," ते म्हणाले. "एवढ्या नोकरीत तेवढं राहिलं बघ. साहेब कधी बस म्हणाला न्हाई, आणि मी कधी इचारलं न्हाई. आता पोराच्या बोटीत बसीन."

त्या रात्रीच मी ठरवलं, आप्पा बसतील ती बोट अशी फाटकी असून चालणार नाही.

मे संपता संपता कार्पेट उपटलं. खालचं प्लायवूड पुढच्या बाजूला मऊ लागलं. स्क्रूड्रायव्हर टोचला तर केकमध्ये सुरी जावी तसा आत गेला. पुढचा डेक काढला, नवीन प्लायवूड कापलं, त्याला रेझिन लावून वाळवलं. आप्पा अंगणात घडीच्या खुर्चीवर बसून बघायचे. मधूनच उठून फळीचं दुसरं टोक धरायचे. शेजारचा गोरा म्हातारा कुत्र्याला फिरवताना थांबायचा, बोटीकडे बघून अंगठा वर करायचा. आप्पाही अंगठा वर करायचे. दोघांची मैत्री तेवढ्यावर उन्हाळाभर टिकली.

जुलैच्या सुरुवातीला डेक बसला, नवीन सीटाही आल्या. आप्पांसाठी मी उंच पाठीची घेतली होती, हात टेकायला दांडे असलेली. ती बोल्टने आवळून मी वरचं प्लास्टिक फाडायला लागलो तर आप्पांनी हात धरला.

"राहू दे. पूजा हुईपर्यंत राहू दे."

माझी मुलगी तिथेच उभी होती. "आजोबा, इट्स अ सीट. यू सिट ऑन इट."

"काय म्हणती?"

"बसा म्हणते."

"बसणार की. पूजा झाली की बसणार. पूजेबिगर नवं वाहन कोण चालवतं का?"

त्याच आठवड्यात बायकोने विषय काढला. शनिवार होता, आकाश स्वच्छ. ती चहाचे कप घेऊन बाहेर आली. मी डॅशबोर्ड उघडून आत डोकं घातलं होतं.

"आज नारळ फोड आणि घेऊन जा त्यांना," ती म्हणाली. "इंजिन चालू आहे, डेक झालाय. आता काय राहिलंय?"

"वायरिंग बघ हे. सगळ्या वायरी एकाच रंगाच्या. पिळून चिकटपट्टी लावलीय. मी ऑफिसात असं काही पास करेन का?"

"तू ऑफिसात नाहीयेस यार. अधिक लागेल आता. मग आप्पाच म्हणतील, अधिकात नको."

आप्पांनी गावाहून मराठी कॅलेंडर गुंडाळी करून आणलं होतं. ते फ्रिजच्या बाजूला लटकत होतं. त्या वर्षी अधिक महिना होता. जुलैच्या मध्यापासून तो लागणार, मग श्रावण, मग गणपती, त्यामागून पितृपंधरवडा. आप्पा चहा फुंकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं.

"त्याचं काम व्हायचंय अजून," ते सुनेला म्हणाले. "घाई कशाला? दसऱ्याला वाहनाची पूजा असतीच. दसऱ्याला पाण्यात घालू. माझं तिकीट त्याच्यानंतरचं हाय."

"दसऱ्याला इथे थंडी असते आप्पा."

"स्वेटर घालू."

"तुम्ही दोघं एकाच मुशीतले," असं म्हणून ती कप घेऊन आत गेली. आप्पा हसले. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं होतं. हातात पूर्ण उन्हाळा आला होता आणि वडिलांनीच तो दिला होता.

मग मी मन लावून काम केलं. जुनी वायर एकही ठेवली नाही. प्रत्येक सर्किटला वेगळा रंग, वेगळा फ्यूज, दोन्ही टोकांना लेबल. पकडलेले मासे जिवंत ठेवायची टाकी असते, तिचा पंप बदलला. पुढच्या टोकाला पायाने चालवायची छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली, तिच्यासाठी वेगळ्या बॅटऱ्या. पाण्याखालचे मासे दाखवणारा स्क्रीन लावला. तो लावल्यावर वाटलं, मागेही एक हवा, आप्पा बसतील तिथून त्यांना दिसेल असा. म्हणजे पुन्हा वायर, पुन्हा कार्पेट उचलणं. गणपतीत ओळखीचे लोक जेवायला आले. त्यातले एक काका, इथे कैक वर्षं डॉक्टरकी करून निवृत्त झालेले, बोट बघून म्हणाले, "झकास केलीयस रे. पाण्यात कशी चालते?"

"अजून घातली नाही काका."

"ऑगस्ट गेला की, बोटींचा सीझन संपत आला," ते म्हणाले, आणि मोदक घ्यायला आत गेले.

दसरा त्या वर्षी पार ऑक्टोबरच्या शेवटाकडे आला. मी सुट्टी घेतली. झेंडू मिळाला नाही, म्हणून दुकानाबाहेर ठेवतात त्या शेवंतीच्या कुंड्या आणून आप्पांनी माळ केली. इंजिनावर कुंकवाने स्वस्तिक काढलं. ट्रेलरच्या चाकाखाली लिंबं ठेवली. नारळ ड्राइव्हवेवर फोडला, खोबऱ्याचा तुकडा शेजारच्या म्हाताऱ्याला दिला. त्याने तो तोंडात टाकला आणि अंगठा वर केला. आप्पांनी दोन स्वेटर, माझं जॅकेट आणि कानटोपी घातली. मुलगी शाळेत होती. आम्ही तिघं निघालो.

तळ्यावर एकही गाडी नव्हती. बोट पाण्यात सोडायला सिमेंटचा उतार असतो आणि त्याला लागून लाकडी धक्का, ज्यावरून चालत जाऊन बोटीत पाय टाकायचा. उतार होता, धक्का नव्हता. हिवाळ्यात बर्फाने मोडू नये म्हणून इथे धक्के आधीच काढून ठेवतात. त्याच्या फळ्या गवतात एकावर एक रचलेल्या होत्या. हे मला माहीत असायला हवं होतं, पण मी कधी बोट घेऊन ऑक्टोबरात आलोच नव्हतो. आणि वारा असा की तळ्यावर पांढऱ्या लाटा फुटत होत्या.

मी मनातल्या मनात सगळे प्रकार करून बघितले. आप्पांना आधीच बोटीत बसवून ट्रेलर पाण्यात घालावा, तर बोट सुटल्यावर ती सांभाळायला आत मी हवा, आणि गाडी मागे घ्यायलाही मीच. बायकोने ट्रेलर कधी मागे घेतला नव्हता. मी गुडघाभर पाण्यात उभा राहून बोट धरली असती, पण आप्पांना त्या पाण्यातून चालवत कसं न्यायचं? त्यांचे गुडघे आधीच धरलेले.

"मी धरतो की दोर," आप्पा म्हणाले. "तू फिरवून आण. बघू तरी कशी चालती."

"नाही आप्पा."

"अरं, मला सवय हाय."

"नाही," मी म्हणालो. जरा जोरात म्हणालो असेन. बायकोने माझ्या दंडावर हात ठेवला. आप्पा एकटेच उतारावरून खाली गेले, वाकून पाण्याला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. "चला," ते म्हणाले. "गारठा हाय."

घरी आल्यावर बोट परत ड्राइव्हवेत लावली. मी शिडी आणली. आप्पा चढले आणि त्यांच्या सीटवर बसले. मी प्लास्टिक काढायला गेलो तर म्हणाले, "पाण्यात घातल्यावर काढू." मग एकेका बटणाचं विचारत गेले. हे काय, ते काय. मी दिवे लावून दाखवले, पंप चालू करून दाखवला. मागचा स्क्रीन लागला आणि खोली मोजायला पाणी नसल्यामुळे नुसता निळा राहिला. आप्पा बराच वेळ त्याच्याकडे बघत बसले.

"चांगलं केलंस काम," ते म्हणाले. "एक वायर दिसत न्हाई बाहेर."

पुढच्या आठवड्यात ते गावाला परत गेले. पुढच्या उन्हाळ्यात परत यायचं ठरलं होतं. फेब्रुवारीत त्यांच्या छातीत दुखलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी एवढा विमानप्रवास आता कायमचा बंद म्हणून सांगितलं.

मे महिन्यात मी बोट पाण्यात घातली. मुलगी पुढे उभी होती. बोट एकदम सरळ गेली, सगळं चाललं, एकही फ्यूज उडाला नाही. तळ्याच्या मधोमध इंजिन बंद करून मी गावाला व्हिडिओ कॉल लावला. तिथे रात्र पडत होती, आप्पा पायरीवर बसले होते. मी फोन सगळीकडे फिरवला. पाणी, झाडं, नात, स्क्रीनवरचे मासे.

"ती माझी सीट न्हवं?"

"हो."

"प्लास्टिक काढलं न्हाईस अजून?"

मी प्लास्टिकवर उडालेलं पाणी हाताने पुसलं.

"काढ बाबा," ते म्हणाले. "आणि पोरीला बसव तिथं. उभी हाय कवाधरनं."

मी चाकूने प्लास्टिक कापलं. हिवाळाभर आत ओल कोंडली होती. सीटच्या पाठीवर आणि बसायच्या जागेवर बुरशीचे काळे ठिपके पडले होते. आप्पांना ते दिसू नयेत म्हणून मी फोन पाण्याकडे वळवला, आणि मुलीला म्हणालो, बस.