पलंगाकडची काच

बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी अंथरूण धरलं तेव्हापासून पलंगाशेजारची त्यांची समुद्री माशांची टाकी तशीच पडून होती. काल मी ती साफ करायला घेतली. काचेवरचं हिरवं शेवाळ खरवडलं आणि हात थांबला. आतली जांभळी, केशरी पोवळी हाडांसारखी पांढरी पडली होती. मासा एकही नव्हता. शेवाळ होतं तोवर टाकी जिवंत वाटत होती.

"पाणी आटलं की मी मिठाचं पाणी घालत होते गं, न चुकता," सासूबाई कुजबुजल्या. समुद्राचे जीव, त्यांना मीठच लागणार! पण आटतं ते पाणी. मीठ आतच राहतं, वाढत जातं. घालायचं होतं साधं गोडं पाणी. इतक्याच मायेने आपण या घरात आणखी कशाकशात मीठ ओतत असू? बाबांच्या उशाशी मांडलेल्या औषधांकडे मला बघवेना.

पलंगाकडची काच तेवढी खरवडायची उरली होती. सासूबाईंनी माझं मनगट धरलं. "ती राहू दे."

मी पोवळी काढायला पाण्यात हात घातला. पलंगावरून बाबांचा आवाज आला, "हलला बघ! आहे गं माझा मासा अजून."

शेवाळाआड माझाच हात होता. मी तो हलवत राहिले.