कानवालीची परीक्षा

हेडसेट दुरुस्त करते म्हणून बाजारात तिला सगळे 'कानवाली'च म्हणत. कानाच्या गाद्या बदलल्या की ती वायर न जोडताच हेडसेट स्वतःच्या कानांवर चढवायची आणि शेजारच्या दुकानदाराला हाक मारायला लावायची. हाक स्पष्ट ऐकू आली, की गादी बाहेरचा आवाज अडवत नाही म्हणून ती पुन्हा उसवायची. गाणं लावून हेडसेट तपासणाऱ्यांचा तिला भयंकर राग.

त्या दुपारी ती घरी आली, तर सासूबाई पलंगाजवळ जमिनीवर पडलेल्या. "तासभर हाका मारतेय गं," त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या. त्यांना उचलून निजवलं आणि ती तरातरा बाहेरच्या खोलीत गेली. नवरा गेम खेळत बसला होता. तिने त्याच्या डोक्यावरचा हेडसेट खेचून काढला.

"अरे, आई पडल्या होत्या! तासभर हाका मारत होत्या!"

"मला कसं कळणार? गेमचा आवाज बारीकच होता, पण या गाद्या बाहेरचं काही आत येऊच देत नाहीत."

तिने गाद्या दाबून पाहिल्या. जाळीचं कापड, आणि त्याच्या चष्म्याच्या काडीने फोम चपटा झालेला; यातून आवाज अडणार कसा? तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"हे मला सांगतोस? मला?"

वायर उपटून तिने हेडसेट कानांवर घट्ट बसवला आणि त्याच्याकडे रोखून बघत उभी राहिली. तेवढ्यात आतून सासूबाईंचा क्षीण आवाज आला.

"बाळा, जेवलास का रे?"

शब्द न् शब्द तिला ऐकू आला. तिने हेडसेट काढून त्याच्या मांडीवर आपटला.

"आई विचारतायत, जेवलास का. जा, उत्तर दे."