फकिराचं बोट आणि तलावातले नर

फकिरा ढिवर माझा शेजारी. त्याच्या घरी मासा शिजला की वास आधी माझ्या ओसरीवर येतो, भांडण झालं की तेही. म्हणून मी लिहितो ते ऐकीव नाही, भिंतीला कान लावून कमावलेलं आहे.

लाखनीकडच्या आमच्या गावात मासेमारांच्या सोसायटीत तीस वर्षं नर-मादी निवडायचं काम त्याचं. आषाढात रोहूच्या जोड्या लावतात. फकिरा मासा काखेत धरतो आणि छातीजवळच्या पंखावर बोट फिरवतो. खरखरीत लागला तर नर, गुळगुळीत तर मादी. गेल्या दोन आषाढांत मात्र बोट चुकलं. त्यानं माद्या म्हणून सोडलेल्या बऱ्याच माशांनी एकही अंडं टाकलं नाही. फाडून पाहिले तर ते नर निघाले.

गावभर हसं झालं. खोटं कशाला बोलू, सुरुवात मीच केली. चौकात विचारलं, "फकिरा, मिशी चाचपून पाह्य, तू तरी नर आहेस का?" त्याची बायको सखाबाई आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. सोसायटीचा अध्यक्ष लिलाधर यंदा नवा माणूस बघू लागला.

अशात नागपूरच्या कॉलेजातून खुशी आली. पोरगी मूळची मोहाडीची, माशांवर संशोधन करणारी. तिनं फकिराच्या अंगणात बसून सांगितलं, "मामा, नराच्या कलेजीत अंड्याचा बलक बनवाची सूचना असतेच, पण ती बंद राह्यते. पाण्यात काही रसायनं उतरली तर ती चालू होते. मंग नर असून त्याचं अंग नराचं राह्यत नाई, पंखबी गुळगुळीत होते. चुकलं ते तुमचं बोट का तलाव, ते तपासता येते." तिला तलावातले दहा नर हवे होते.

त्याच संध्याकाळी लिलाधर आला. मी अर्थात भिंतीपाशी होतो.

"काका, तिले तलावातला मासा द्याचा नाई. मी वरच्या लहान तळ्यातले, बोडीतले नर आणून पिंजऱ्यात ठेवतो. तुमी फक्त बोट लावाचं अन् नर म्हनाचं."

"काहून?"

"तलाव खराब निघाला तर आपलं मासोळीचं बीज कोन नेईन? अन् जोड्याच लावाच्या नसल्या तर तुमचं काम तरी कायले राहीन?"

"अन् तलाव चांगला निघाला तर सारे म्हनतील, फकिराचं बोटच मेलं."

"म्हनू द्या. वय झालं."

तो गेल्यावर भांडी आपटल्याचा आवाज आला. मग सखाबाई म्हणाली, "काय बोलाचं ते उद्या पारीवरच बोला. घरी येऊन माह्यापाशी कुढू नका."

सकाळी तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, सोसायटीचे सगळे जमले. खुशीनं धूर सोडणाऱ्या बर्फाचा डबा उघडला, कात्री काढली. मासा फाडल्यावर काही मिनिटांतच कलेजीचा तुकडा त्यात गेला पाहिजे, नाहीतर सगळं वाया, हे तिनं दोनदा बजावलं.

फकिरानं पिंजऱ्यातून पहिला मासा उचलला. बोट फिरवलं. खाली ठेवला. दुसरा घेतला. तिसरा. लिलाधर गमछ्यानं मान पुसत होता, अजून ऊनही चढलं नव्हतं.

"नर ना, मामा?" खुशीनं विचारलं. कात्री तिच्या हातात तयार.

"नर आहेत," फकिरा म्हणाला. मग मासा पाण्यात ठेवून उभा राहिला. "पन या तलावाचे नाईत. बोडीतले आहेत."

"काका, तोंड सांभाळा," लिलाधर दबक्या आवाजात म्हणाला.

"तीस वर्षं हात लावून राहिलो मी यायले. काय समजतोस मले?"

खुशीनं कात्री बाजूला ठेवली. फकिरानं जाळ्याचा दोर उचलला. लिलाधर हलला नाही, म्हणून बाकीचेही हलेनात. सखाबाईनं लुगडं खोचलं आणि दुसरं टोक धरलं. मग मीही चिखलात उतरलो. का, ते विचारू नका.

जाळ्यातून काढलेल्या माशांच्या पंखांवर फकिराचं बोट सरसर घसरत होतं. त्यानं दहा गुळगुळीत मासे दिले. खुशीनं एकेक फाडला. सात नर निघाले.

दीड महिन्यानं सोसायटीत तिचा फोन आला. सातांपैकी सहांच्या कलेजीत ती सूचना चालू होती. फवारणीच्या औषधावर तिचा संशय होता, पण नेमकं कोणतं रसायन ते अजून तिला सांगता येत नव्हतं. सोसायटीनं ठरवलं, या तलावातल्या जोड्या बंद. फकिराचं काम गेलं. ठरावाला पहिला हात त्याचाच वर गेला.

त्या दिवशी तो सरळ माझ्या दारी आला. मी म्हटलं, आता जुना हिशेब चुकता करणार. पण तो ओसरीवर बसला आणि म्हणाला, "तलावाच्या वर धान कोनाकोनाचा?"

मला माहीत होतं तसं त्यालाही होतं. वरच्या अर्ध्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, माझ्या. उन्हाळी धानावर तुडतुडा पडला की मी तीन तीनदा फवारतो, आणि बांधीचं पाणी नालीनं खाली सोडून देतो.

"औषधाचे डबे आहेत का घरी?" त्यानं विचारलं. "खुशीले नावं पाह्यजेत."

मी आत जाऊन डबे घेऊन आलो.