नाव न विचारणारी जागा

मेधाच्या फ्रिजवर एक जुना लॅपटॉप कायम चालू असतो. मेधा माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिच्या मानेवर कोडाचा पहिला डाग उमटला, तेव्हा तिने एका मोठ्या चर्चेच्या साइटवर टोपणनावाने प्रश्न विचारला. दुसऱ्याच दिवशी तिच्या फोनवर कोडाच्या मलमाची जाहिरात झळकली, आणि फोन नेमका जावेच्या हातात होता. मेधाने विचारणंच सोडलं.

पुढे ती अशी साइट चालवायला शिकली आणि या लॅपटॉपवर तिने चर्चेची स्वतःची जागा मांडली. तिथे पंधरा-वीस जणी बोलतात. नाव, नंबर कोणी मागत नाही. नागपुरात कुणीतरी अशीच जागा चालवतं. दोन्ही जोडलेल्या असल्याने इथला प्रश्न तिथेही दिसतो.

"पण या सगळ्याचा मालक कोण?" मी विचारलं.

"सगळ्याचा कोणीच नाही. इथलं मी बघते, तिथलं ते बघतात."

"आणि वीज गेली की?"

"मग आम्ही गप्प. नागपूरकर बोलत राहतात."

मेधाच्या या जागेवरच कुणीतरी तिला लिहिलं होतं, 'मीही वर्षभर मान झाकून फिरले. आता केस वर बांधते.'

"कोण होती ती?"

"विचारलं नाही गं."

ओळखीच्यांपाशी जे ओठांवर येत नाही, ते अनोळखी माणसाला कसं सांगता येतं, याचं मला नवल वाटत राहिलं. मग मी मेधाकडून माझ्या फोनवर ती जागा उघडून घेतली आणि लिहिलं, 'डाव्या कानाने ऐकू येईनासं झालंय. घरी अजून सांगितलेलं नाही.'

माझं लिहून होईपर्यंत मेधा गॅसकडे तोंड करून उभी होती. चहा केव्हाच उकळला होता.