शनिवारी आमच्याकडे बैल असतात

इथे आखातात, अल रीम आयलंडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये दर शनिवारी दुपारी माझी चौदा वर्षांची लेक आणि तिच्या दोन मैत्रिणी टीव्हीवर रोडिओ बघायच्या. अमेरिकेतला खेळ. उधळलेल्या बैलाच्या पाठीवर एका हाताने दोरी धरून आठ सेकंद टिकायचं. टिकला तर गुण, आणि त्यातले निम्मे बैलाच्या उधळण्याचे. लेक कायम बैलाच्या बाजूने. कोणता बैल डावीकडे गिरकी घेतो हे तिला तोंडपाठ, बाराखडी मात्र अजून अर्धीच.

एक दिवस त्या दोघींच्या आया माझ्याकडे आल्या. चहा निमित्ताला. एकीचं म्हणणं, या वयात असलं बघून मुली निगरगट्ट होतात. दुसरी म्हणाली, आपण पोळ्याला बैलाला पुरणपोळी भरवणारी माणसं, आपल्याला हे शोभतं का? बाई दादरला वाढलेल्या. पोळ्याचा बैल त्यांनी मातीचाच पाहिला असणार, पण मी ते गिळलं. मग त्या मुद्द्यावर आल्या. "तू हे बंद कर, नाहीतर आमच्या मुली शनिवारी येणार नाहीत. खलास."

या सगळ्या टॉवरमध्ये माझ्या लेकीला जवळच्या अशा या दोघीच. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच माझं डोकं फिरलं. मी जुन्नरकडची. बैलगाडा शर्यतींच्या घाटावर बसून एकेका गाड्याची बारी बघत वाढले. बैल कसे वाऱ्यासारखे सुटतात ते पाहिलं, आणि त्यांना टोचायचा खिळाही पाहिला. त्यावरून मोठ्या काकांशी भांडले, आठवडाभर बोलले नाही. भांडता आलं, कारण डोळ्यांनी पाहिलं होतं. रोडिओत बैलाच्या पोटाला पट्टा आवळतात, तो लेकीनेच मला दाखवला आणि त्याला दुखत असेल का विचारलं. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. हा खेळ सोज्वळ आहे असं मी मुळीच म्हणत नाही. पण यांच्या घरी मुलं दिवसभर फोनवर माणसांना गोळ्या घालत बसतात, तेव्हा कुणाला पोळा आठवत नाही. हे मी तोंडावर सांगितलं. त्या चहा अर्धा टाकून गेल्या.

पुढच्या शनिवारी कुणी आलं नाही. आत्ता बंद केलं तर मैत्रिणी परत येतील, असं मी लेकीला एकदा सुचवून पाहिलं. तिने खांदे उडवले आणि फोन उलटा ठेवला. मी ओला हात ओढणीला पुसून तिच्याशेजारी जाऊन बसले.

टीव्हीवरचा तिसरा स्वार अगदी कोवळा होता. पाचव्या सेकंदाला तो खाली आला आणि बैलाचा खूर त्याच्या छातीवर पडला. तो उठला नाही. माझा हात आपोआप रिमोटकडे गेला. बरोबरच म्हणत होत्या त्या, असंही खरं सांगायचं तर मनात येऊन गेलं.

लेकीने माझं मनगट धरलं. "नको, आई. इतका वेळ मजा म्हणून बघितलं ना आपण? देन वी हॅव टू सी धिस टू."

मग आम्ही बघितलं. माणसं धावत आली, गुडघ्यांवर बसली, त्याला स्ट्रेचरवर घेऊन गेली. लेकीच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. तो जगेल का, तिने विचारलं. मी म्हटलं, माहीत नाही.

त्या संध्याकाळी मी दोघी आयांना मेसेज केला: "येत्या शनिवारी टीव्ही चालू असेल. मुलींना पाठवा, आणि तुम्हीही या. त्यांच्या शेजारी बसा." अजून उत्तर नाही. त्या येवोत न येवोत, मी तिथे असणार, रिमोट लांब ठेवून, हात मांडीखाली दाबून.