सोनाबाईचा एकच नकार

काय झालं ते सांगते, पण हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. चूक माझीच होती. आणि मी असं कबूल करणं किती दुर्मीळ, ते आमच्या घरी विचारा!

तेव्हा मी एम.ए.ला होते, भाषाशास्त्र घेऊन. बाबांशी करार झाला होता: माझा निबंध विभागात वाखाणला गेला तर पुढे संशोधन, नाही तर उमरेडचं स्थळ. स्थळाचा फोटो घड्याळाखाली ठेवलेलाच होता.

विषय मी जबरदस्त निवडला. गोंडी, कोलामी, हलबी या भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी नांदल्या, तर एकीची 'नाही' म्हणायची रीत दुसरीत शिरते का? गोंडीत नकाराला 'हिल्ले' म्हणतात, एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. एवढंच माहीत होतं, हे मात्र मी कोणाला सांगितलं नाही.

लकडगंजात आरागिरणीमागे सोनाबाई राहायची. जमातीने गोंड, माहेरी शेजार कोलामांचा, सासरी हलबांचा. आणखी काय हवं? "एकटी पोरगी तिकडं जाईन?" म्हणून घरच्यांनी आत्याला सोबत पाठवलं. एम.ए.च्या मुलीला राखण!

सोनाबाई चुलीपाशी बसली होती. मी वही उघडली.

"मी मराठीत सांगते, तुम्ही तेच गोंडीत म्हणा. घरात तांदूळ नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं. तांदळाच्या मडक्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि काहीतरी लांबलचक बोलली. मी भराभर उतरवून घेतलं.

"नवरा घरी आला नाही."

पुन्हा लांबलचक.

"चूल पेटली नाही. गाईला दूध नाही."

आत्याने मला चिमटा काढला. "अवं, काय बोलून राहिली तू? दुसऱ्याच्या चुलीपाशी बसून?"

"आत्या, शास्त्राला शुभ-अशुभ नसतं. तू चहा पी."

"तिले विचार तं खरं, ते काय म्हणून राहिली!"

"तुला गोंडी येते का?"

"गोंडी नाही येत मले. बाई समजते."

मी दुर्लक्ष केलं. कारण बारा वाक्यं झाली होती आणि एकातही 'हिल्ले' नव्हतं! म्हणजे शेजाराच्या रेट्याने गोंडीचा नकारच गळून पडला होता! निघताना सोनाबाई चुलीत लाकूड सारत स्वतःशीच काहीतरी पुटपुटली. त्यात 'हिल्ले' होतं. तेही टिपलं. तेरावं वाक्य, जुन्या भाषेचा अवशेष.

चाळीस पानं लिहिली. विभागात निबंध वाचायच्या दिवशी आमच्या सरांनी मडावी गुरुजींना बोलावलं होतं. गोंडी त्यांची मायबोली. मी खणखणीत आवाजात वाक्यं वाचत गेले. तिसऱ्या वाक्याला गुरुजींचे खांदे हलायला लागले.

"बाई, 'आमचं घर तांदळानं भरलं आहे' म्हणते ती. दुसऱ्यात, 'मालक वाटेवर आहे, आता येते.' तिसऱ्यात, 'चूल धडधड पेटली आहे.' चौथ्यात, 'गाय घागरभर दूध देते.'"

"पण मी तर उलट सांगितलं होतं!"

"आपल्या चुलीपाशी बसून कोणती बाई म्हणेल, तांदूळ नाही म्हणून? तुमच्या घरी म्हणतात का?"

आमच्या घरी? डबा रिकामा झाला तरी आई 'तांदूळ वाढले' म्हणते. त्यावरून मी तिच्याशी दहा वेळा भांडले होते!

"शेजारणीच्या घरचं विचारा तिले," गुरुजी म्हणाले, "मग मोजा किती हिल्ले निघतात ते."

बुडणाऱ्याने काडी धरावी तशी मी वही धरली. "पण तेरावं? ते तरी खरं आहे ना?"

गुरुजींनी वाचलं. चष्मा पुसला. सरांकडे पाहिलं.

"आहे. एकदम अस्सल. 'या पोरीले घरी कोणी काहीच शिकवलं नाही.'"

संध्याकाळी बाबांनी विचारलं, "वाखाणला का निबंध?"

"एक वाक्य वाखाणलं," मी म्हटलं.

"कोणतं वं?" आत्याने लगेच विचारलं.

मी वही पाठीमागे लपवली. बाबांनी घड्याळाखालचा फोटो उचलून माझ्या हातात दिला. आणि नकारावर चाळीस पानं लिहिणाऱ्या माझ्या तोंडून एक साधं 'नाही' फुटेना.